तीन नंबरचं दुखणं

“आम्मा, हड्डी की बात छोडो. हड्डी जुड जाएगी. अभी पैर बचाना है.”

सिस्टर मला असं म्हणाली तेव्हा मी नातीच्या उशाशी उभी होते. सिस्टर केरळची, हिंदी बोलायची. डॉक्टर मिसरचा, म्हणजे इजिप्तचा. तो इंग्रजीत बोलायचा आणि सिस्टर मला हिंदीत सांगायची. आजाराचं नाव त्याने दोनदा घेतलं. कंपार्टमेंट सिंड्रोम. मी म्हटलं, हे काय असतं? तर त्याने डाव्या हाताची मूठ केली आणि उजव्या हाताने ती गच्च आवळून माझ्यासमोर धरली. मुठीची बोटं पांढरी पडली.

मला कळलं ते असं. गुडघ्याखाली पायात मांसाची गाठोडी असतात. त्यांच्यावर पिशव्या असतात, आणि त्या पिशव्या ताणल्या जात नाहीत. हाड मोडलं की आत रक्त साचतं, सूज येते. तिला बाहेर जायला जागा नसते. मग आतलं मांस आणि नसा गुदमरतात. काही तास असं गुदमरलं की मांस मरतं, आणि मेलेलं मांस परत जिवंत होत नाही. पाय लुळा पडतो. कधी कापावा लागतो.

इलाज एकच. फॅशिओटॉमी. म्हणजे गुडघ्याखालून घोट्यापर्यंत दोन्ही बाजूंनी चिरायचं, पिशव्या उघडायच्या आणि जखम शिवायची नाही, तशीच उघडी ठेवायची.

हे सगळं मी का सांगते? कारण ते वेळेवर कळलं नसतं. थोडक्यात निभावलं. कोणाच्या घरी असं झालं तर त्यांना आधीच माहीत असावं. मी चौथी शिकलेली बाई. मी बोलते ते मोबाईल लिहून घेतो आणि चुका माझी भाची काढते.

आमचं गाव रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. माझा लेक रियाज सौदीत, जुबैलला एका कारखान्यात ठेकेदाराकडे सुपरवायझर आहे. मी त्याच्याकडे येऊन जाऊन असते. साना ही त्याची थोरली, एकवीस वर्षांची. सून तेव्हा भावाच्या लग्नाला गावी गेली होती.

दम्मामच्या एका मॉलमध्ये बर्फाचा हॉल आहे. बाहेर ऊन असं की गाडीच्या दांडीला हात लावता येत नाही, आणि आत खरा बर्फ. घराएवढा उंच उतार केलेला. तिथे साना लहान पोरांना स्की शिकवायची. स्की म्हणजे पायाला बांधायच्या लांब पट्ट्या. मला आधी वाटायचं हा पोरखेळ आहे. बसायचं आणि घसरायचं.

“घसरायला काय अक्कल लागते गो?” मी तिला म्हटलं.

“दादी, घसरणं फुकट आहे. थांबायला ताकद लागते.”

ते खरं होतं. रोज सकाळी भिंतीला पाठ लावून ती हवेत बसायची, खाली खुर्ची नाही, स्टूल नाही. मांड्या थरथरायच्या, घामाने कुर्ता भिजायचा. पाठीला पोरांची दप्तरं लावून बिल्डिंगचे जिने चढायची. एका पायावर उभी राहून चहा प्यायची. मी म्हणायचे, बगळा झालीस. उताराला पूर्ण अंगाचं वजन त्या वाकलेल्या गुडघ्यांवर येतं, आणि ते बूट! लोखंडासारखे कडक. नडगीच्या अर्ध्यापर्यंत येतात आणि चापाने आवळायचे. बूट काढले की तिच्या नडगीवर लाल वळ असायचा.

हॉलवाल्यांनी शिकवणाऱ्यांची शर्यत ठेवली होती. जी पहिली येईल तिला खऱ्या डोंगरावर शिकायला पाठवणार होते. साना त्याच्याच मागे होती. बुटाला पट्टीशी धरून ठेवतो त्या खटक्याला बाइंडिंग म्हणतात. माणूस पडला की तो खटका सुटायला पाहिजे, म्हणजे पट्टी बाजूला जाते आणि पाय वाचतो. सानाने तो घट्ट केला होता. वळणावर सुटायला नको म्हणून. हे मला नंतर कळलं.

त्या दिवशी शर्यतीचा सराव होता, मी काचेच्या बाहेर बाकावर बसले होते. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाली होती. साना वरून निघाली. काठ्यांच्या मधून वळत वळत आली, चांगली येत होती. एका काठीपाशी एक पट्टी बर्फात रुतली. अंग पुढे गेलं, पाय मागे राहिला, आणि खटका काही सुटला नाही. ती गोल फिरून पडली. काचेमुळे आवाज आला नाही. पण तिची मैत्रीण नूरा, सौदी पोर, तिथेच शिकवते, तिने दोन्ही हात तोंडावर धरले ते मला दिसलं.

नूरा स्वतःच्या गाडीतून आमच्या मागोमाग रुग्णालयापर्यंत आली. ॲम्ब्युलन्समध्ये मी सानाजवळ होते. चेहरा पांढरा, ओठ दाताखाली. मला म्हणाली, “दादी, काही नाही, मुरगळला.”

मुरगळलेला पाय असा मधेच वाकडा नसतो.

एक्स-रे झाला. टिबिया, म्हणजे नडगीचं मोठं हाड, बुटाच्या काठाच्या बरोबर वर मोडलं होतं. सोबतचं बारीक हाडही. चामडी फाटली नव्हती. डॉक्टर म्हणाला, उद्या सकाळी हाडात सळई घालू, आज पट्टा बांधून ठेवू, दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतो. सगळ्यांना वाटलं चला, मोठं काही नाही. नूरा घरी गेली. मी सानाच्या पायाखाली दोन उशा दिल्या, उंच राहावा म्हणून.

सिस्टर आली आणि तिने भिंतीवरचा तक्ता दाखवला. त्यावर तोंडं काढलेली असतात, हसरं ते रडकं, शून्य ते दहा. किती दुखतं ते नंबरने सांगायचं.

साना म्हणाली, “थ्री.”

सिस्टरने लिहून घेतलं.

आता आमच्या घराची एक गोष्ट सांगते, नाहीतर हा तीन नंबर कळायचा नाही. आमच्यातले पुरुष तीन पिढ्या परदेशात. माझा नवरा जहाजावर होता, मग इकडे आला. दूर असलेल्या माणसाला दुखणं सांगायचं नाही, ही आमची रीत. सांगून काय होणार? तो तिकडे नुसता तडफडणार, येऊ तर शकत नाही. इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, सुट्टी, कफील म्हणजे मालक त्याची परवानगी, शंभर भानगडी. माझ्या नवऱ्याचं इकडे पोटाचं ऑपरेशन झालं ते मला तो सुट्टीवर आल्यावर टाके बघून कळलं. माझी गर्भपिशवी काढली तेव्हा त्याला म्हटलं, माहेरी आले होते म्हणून फोन नाही केला. फोन आला की पहिलं वाक्य दोन्हीकडून एकच, “इकडे सगळं ठीक.” रियाज तेच बघत मोठा झाला. साना रियाजला बघत. दुखणं गिळायचं आणि तोंड नीट ठेवायचं. आम्हाला त्याचा अभिमान होता. पोरीचं लहानपणी कौतुक करायचो, बघा, इंजेक्शनला रडत नाही.

तर तीन नंबर.

असरची, तिसऱ्या प्रहरची नमाज झाली. सिस्टर परत आली. साना म्हणाली, “फोर.” सिस्टरने पायाची नाडी बघितली. नाडी होती. बोटं गरम होती. तिने आणखी एक इंजेक्शन दिलं.

पण मी शेजारी बसले होते. साना चादर पायावर ठेवू देत नव्हती. “दादी, ती काढ,” म्हणाली. चादर ती, केवढी पातळ. मग म्हणाली, पट्टा घट्ट वाटतो. मग म्हणाली, अंगठ्याजवळ मुंग्या येतात. मी पोटरीला हात लावला तर पोटरी लाकडासारखी. सूज मऊ असते, दाबली तर खड्डा पडतो. ही दबत नव्हती. आणि पोरीने माझं मनगट धरलं होतं, तिची नखं माझ्या कातडीत शिरली होती, आणि तोंडाने मला विचारत होती, “तू जेवलीस का?”

इंजेक्शन देऊन दुखणं कमी व्हायला पाहिजे. हे वाढत होतं.

मी घंटा दाबली. सिस्टर आली, परत तक्त्याकडे बोट केलं.

“फोर,” साना म्हणाली. हसली सुद्धा.

मी सिस्टरला म्हटलं, “झूठ बोलती है.”

“दादी!” साना इंग्रजीत सिस्टरला काहीतरी म्हणाली. दादी घाबरते, म्हातारी आहे, असं काहीतरी असणार.

“साना, किती दुखतं?”

“सहन होतंय गो दादी. तू अब्बाला फोन करू नको हां. त्याच्या कारखान्याचा शटडाऊन आहे, दुरुस्तीची घाई. आणि ह्या लोकांनी जास्त काही केलं तर माझी शर्यत...”

तिचा वरचा ओठ घामाने ओला होता. एसीच्या खोलीत. मला माझ्या नवऱ्याचा चेहरा आठवला. तोही असाच हसायचा, शेवटपर्यंत. काय दुखतंय ते कोणालाच कळलं नाही.

मी तिच्या तोंडाजवळ तोंड नेलं. म्हटलं, “ओरड.”

“काय?”

“ओरड. मी सांगते ना. इथे कोण लांब नाही. मी इथे आहे, सिस्टर इथे आहे. कोणाला तडफडायला लागणार नाही. ओरड बाय माझी.”

तिने ओठ दाताखाली दाबला. मग ओठ सुटला. अशी ओरडली की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. थांबेचना. बाळ जन्मताना बायका ओरडतात तशी, पोटातून. सिस्टरच्या हातातलं पेन खाली पडलं, ते तिने उचललं नाही, आधी दाराकडे धावली.

लगेच डॉक्टर आला. त्याने पहिलं काम केलं ते उशा काढल्या. सिस्टर नंतर म्हणाली, या आजारात पाय उंच ठेवला तर रक्त आणखी कमी पोचतं, हृदयाच्या पातळीवर ठेवायचा. माझ्या उशा. मग पट्टा, कापूस सगळं कापून मोकळं केलं. मग अंगठा दोन बोटांत धरून हळू वर उचलला, आणि साना परत ओरडली. डॉक्टरने मान हलवली. ही त्या आजाराची मोठी खूण. मोडलं नडगीत आणि अंगठा हलवला तर कळीने जीव जातो. नाडी लागते म्हणून माणसं फसतात. नाडी सगळ्यात शेवटी जाते. मग त्याने पोटरीत एक सुई घातली, तिला छोटं यंत्र होतं, आतला दाब मोजायचं. आकडा बघितला आणि तो माझ्याशी बोलायला आला. तेव्हाचं मी सुरुवातीला सांगितलं.

तो चिडला नव्हता. सानाला एवढंच म्हणाला, “तू सांगितलेल्या नंबरवर मी औषध देतो. माझ्याकडे दुसरी वाट नाही.”

सही सानाचीच लागणार होती. मोठी पोर ती. पण पेन हातात घेऊन तिने मला विचारलं, “अब्बा येईपर्यंत थांबू या?”

डॉक्टर म्हणाला, “वडील थांबतील. पाय थांबणार नाही.”

“मग शर्यत?”

“शर्यतीचं मला विचारू नको. तू चालावंस म्हणून मी चाललोय.”

साना कागदाकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं, या वेळी तिने पुसलं नाही. मी म्हटलं, “सही कर.” तिने केली.

ते तिला घेऊन गेले. मगरिबची, सूर्य मावळल्यावरची अजान झाली. बाहेरच्या खोलीत खुर्च्या होत्या, पाण्याचं मशीन होतं, भिंतीवर टीव्ही आवाज बंद करून चालू होता. मी कोपऱ्यात नमाज पढले. सजद्यात कपाळ टेकलं आणि काय मागायचं तेच सुचेना. शर्यत मागू, चालणं मागू, की नुसता पाय मागू? जास्त मागितलं तर मिळायचं नाही असं वाटायचं. मी नुसता पाय मागितला.

कारखान्यात फोन गेटवर जमा करतात. पाळीच्या सुट्टीत रियाजने फोन केला. रोजच्यासारखं.

“मां, तिकडे सगळं ठीक?”

जीभ आपोआप वळत होती. ठीक म्हणायला अर्धं तोंड उघडलं होतं.

“नाही,” मी म्हटलं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझ्याकडून हे ऐकलं असेल. मग हळूच म्हणाला, “कोण?”

“साना. पडली. हाड मोडलं आणि पायात दाब वाढला. आत्ता पाय चिरतायत. वाचेल की नाही माहीत नाही. तू ये.”

“मां, तू आत्ता सांगतेस...”

“आत्ताच सांगते. ये रे. मी एकटी आहे, मला भीती वाटते.”

हेही मी त्याला कधी म्हटलं नव्हतं.

तो कारखान्याच्या कपड्यांतच आला, डोक्याला टोपीचा वळ तसाच. मित्राने गाडीतून सोडलं. माझ्या शेजारी बसला आणि माझ्या मनगटावर नखांचे वण होते ते बघत राहिला.

डॉक्टर बाहेर आला. तोंडावरचा मास्क खाली केला. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही, हातांकडे बघितलं. तो म्हणाला, पिशव्या उघडल्या तेव्हा मांस काळपट होतं. थोड्या वेळाने बहुतेक मांसाला रंग आला. पुढच्या पिशवीतलं, पाऊल वर उचलतं ते मांस, त्यातलं थोडं गेलं असावं. किती ते आज सांगता येत नाही. दोन दिवसांनी परत आत बघायचं. मेलेलं असेल तर काढायचं. जास्त मेलं असेल तर...

पुढचं त्याने अरबीत म्हटलं, “इन शा अल्लाह खैर.” रियाजने भिंतीला डोकं टेकवलं.

ते दोन दिवस कसे गेले सांगत नाही. पायाला बाहेरून सळ्या लावल्या होत्या हाड धरून ठेवायला, आणि जखमांवर स्पंज, त्यातून नळी, नळीतून मशीन घाण पाणी ओढायचं. त्याला व्हॅक ड्रेसिंग म्हणतात. मशीन सारखं गुरगुरायचं. साना डोळे मिटून पडायची. ड्रेसिंग बदलताना मी एकदा बघितलं. मासा साफ करताना असतो तसा पाय आतून उघडा. मी आयुष्यभर मासे कापले, पण त्या दिवशी भिंत धरली.

परत आत नेलं. थोडंच काढावं लागलं. पाय राहिला.

नंतर हाडात सळई गेली, बाहेरच्या निघाल्या. एक जखम शिवली गेली. दुसरीच्या कडा जुळेनात, मग मांडीची पातळ चामडी काढून तिथे लावली. स्किन ग्राफ्ट म्हणतात. मांडीची जागा पायापेक्षा जास्त झोंबायची. हे डॉक्टर आधी सांगत नाहीत, म्हणून मी सांगते.

सिस्टरने शेवटपर्यंत केलं. तिची पाळी नसेल तरी दारातून डोकावून जायची. “मेरी चिल्लानेवाली किधर है?” म्हणायची. साना लाजायची. एकदा सिस्टर माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, आम्मा, हमारे गाँव में भी ऐसे ही है. घर पे फोन करो तो सब अच्छा. तिला दोन वर्षं पाठदुखी होती, आईला माहीत नव्हतं. मी म्हटलं, आज फोन कर. केला की नाही, मी विचारलं नाही. तिचं मी काय फेडणार? दुआ करते, रोज, नाव घेऊन.

आता चार गोष्टी, ज्यांच्या घरी असं होईल त्यांच्यासाठी. हाड मोडलं आणि इंजेक्शन देऊनही दुखणं वाढत गेलं, पोटरी कडक झाली, बोट हलवलं तरी कळ आली, मुंग्या आल्या, तर सकाळची वाट बघू नका. पट्टा घट्ट वाटतो म्हणाले तर खरं माना. घरचा उपाय म्हणून तेल चोळू नका, आणखी आवळून बांधू नका. आणि नंबर विचारला तर खरा नंबर सांगा. डॉक्टर तुमच्या घरचा नाही, तुमचं हसू त्याला ओळखता येत नाही.

सानाचं पाऊल लोंबायचं. फूट ड्रॉप. पाऊल वर उचलत नाही, चालताना बोटं जमिनीला घासतात. त्याला बुटाच्या आतून एक प्लास्टिकची पट्टी घालायची आणि व्यायाम करायचा. डॉक्टरने शेवटच्या वेळी तिला सांगितलं, “अंगठा वर कर.” सगळे अंगठ्याकडे बघत होतो. अंगठा थरथरला. तांदळाच्या दाण्याएवढा वर आला असेल. डॉक्टर म्हणाला, नस जिवंत आहे. चालशील. धावायचं पुढच्या वर्षी बघू. स्कीचं तो काही बोलला नाही आणि तिनेही विचारलं नाही. शर्यत झाली, दुसरी कोणी पहिली आली. नूरा येते, दोघी फोनवर डोंगराचे व्हिडिओ बघतात. साना बघताना गप्प असते. मी त्यात पडत नाही. पुढे काय होईल मला माहीत नाही. मी पाय मागितला होता, तो मिळाला.

संध्याकाळी ती आतल्या खोलीत व्यायाम करते. टॉवेलने पाऊल स्वतःकडे ओढायचं, मोजायचं, सोडायचं. आणि ओरडते. खुशाल ओरडते. परवा खालच्या मजल्यावरची पाकिस्तानी बाई, तिला आम्ही बाजी म्हणतो, वर आली, ओढणी सावरत, घाबरलेली. “आपा, खैर तो है? बच्ची रो रही है.”

“खैर ही है,” मी म्हटलं. “पैर की कसरत कर रही है. आओ, अंदर बैठो.”

ती आत आली, पण अर्धवट टेकली, लक्ष सगळं आतल्या दाराकडे. आतून सानाची किंकाळी आली. मग धापा. मग तिचा आवाज, “दादी, अजून एकदा करते.”

“कर,” मी म्हटलं, आणि बाजीसाठी चहा टाकला.